पाळीव शॅमेलिऑनचा स्वभाव आणि हाताळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळू लागलेल्या माणसाचे पहिले प्रश्न आहाराचे आणि दिव्यांचे असतात, पण काही आठवड्यांतच ते स्वभावाकडे वळतात. तो फुसफुसतो कशासाठी, हात पाहताच काळा का पडतो, त्याला आपली सवय कधी होईल, असे हे प्रश्न आहेत. येथील उत्तरे प्रामुख्याने वेल्ड, पँथर आणि जॅक्सन या तीन जातींना धरून दिलेली आहेत, कारण घरी पाळल्या जाणाऱ्या शॅमेलिऑनांमध्ये याच जाती सर्वाधिक आढळतात.

शॅमेलिऑनला हाताळून घेणे आवडते का?

नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेले बरे, कारण पुढील सर्व उत्तरे याच एका गोष्टीवर उभी आहेत. शॅमेलिऑन हा एकटा राहणारा, बहुतांश आयुष्य फांद्यांवर घालवणारा आणि पक्षी, साप व झाडावर चढणारे सस्तन प्राणी यांचे भक्ष्य असलेला जीव आहे. त्याच्याजवळ पळून जाण्याइतका वेग नाही, विष नाही आणि पालीप्रमाणे तोडून टाकता येईल अशी शेपटीही नाही. त्याची शेपटी तुटली तर पुन्हा उगवत नाही. शत्रूच्या नजरेस न पडणे हाच त्याचा खरा बचाव आहे, आणि हात पिंजऱ्यात शिरला याचा त्याच्या दृष्टीने अर्थ असा की हा बचाव फसला.

कुत्रा, मांजर किंवा पोपट यांच्या जीवनात एकमेकांना स्पर्श करण्याला स्थान असते, म्हणून माणसाच्या स्पर्शालाही ते काही अर्थ देऊ शकतात. शॅमेलिऑनच्या जीवनात दुसऱ्या मोठ्या प्राण्याचा स्पर्श दोनच प्रसंगी येतो: मीलन आणि झुंज. त्यामुळे कुरवाळणे, पाठीवरून बोट फिरवणे, गळ्याखाली खाजवणे यांतून त्याला सुख मिळत असेल असे मानायला काहीच आधार नाही. मात्र आवडणे आणि सहन करणे यांमध्ये मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात काम करण्यासारखे पुष्कळ आहे. योग्य रीतीने वाढवलेला शॅमेलिऑन माणसाच्या उपस्थितीत निर्धास्तपणे खातो, ऊब घेतो, आणि वाट सापडल्यास हातावरूनही चालत जातो. एवढे साधले तर ते पुरेसे मानावे, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना मांडीवर घेऊन बसण्यासाठी प्राणी हवा आहे त्यांनी शॅमेलिऑन आणू नये.

सर्व जातींचा स्वभाव सारखाच असतो का?

नसतो, आणि एकाच जातीतील दोन प्राण्यांचाही नसतो. शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी येमेन आणि सौदी अरेबिया येथील वेल्ड शॅमेलिऑन काटक म्हणून प्रसिद्ध आहे, पण तितकाच तापटही आहे. विशेषतः प्रौढ नर पिंजऱ्याजवळ येणाऱ्या प्रत्येक हालचालीला आव्हान समजू शकतो. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन साधारणपणे अधिक सहनशील असतो आणि काही नर तर अन्नाच्या आशेने स्वतःहून दाराकडे येतात. पूर्व आफ्रिकेच्या उंच, थंड डोंगराळ भागातला, तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन शांत मानला जातो. तो क्वचितच चावतो, पण त्याच्या शांतपणाचा चुकीचा अर्थ लावला जाण्याचा धोका मोठा आहे. तो विरोध कमी करतो म्हणून त्याला त्रास कमी होतो असे नाही. उष्णता आणि ताण या दोन्ही बाबतींत तो वेल्डपेक्षा नाजूक आहे.

जातीइतकाच महत्त्वाचा प्रश्न प्राणी कोठून आला हा आहे. जंगलातून पकडलेला शॅमेलिऑन बहुधा निर्जलीकरण, जंतांचा प्रादुर्भाव आणि प्रवासाचा ताण घेऊन येतो, आणि माणसाला शत्रू मानण्याची त्याची सवय सहसा मोडत नाही. पाळल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व जाती वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे प्राण्याच्या उगमाची कागदपत्रे पाहणे कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. बंदिवासात जन्मलेले, काही महिन्यांचे, नीट खाणारे पिल्लू हीच सर्वांत योग्य निवड होय.

रंग पाहून त्याची मनःस्थिती ओळखता येते का?

बऱ्याच प्रमाणात येते, मात्र त्याआधी एक समज दूर करावा लागेल. शॅमेलिऑन ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग धारण करतो, ही कल्पना खरी नाही. विश्रांतीच्या वेळी बहुतेक जातींचा मूळ हिरवा वा तपकिरी रंगच पानाफांद्यांत मिसळून जातो. ठळक रंगबदल मुख्यतः तापमान आणि एकमेकांशी व्यवहार यांसाठी होतो. दक्षिण आफ्रिकेतील ठेंगण्या शॅमेलिऑनांवर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, रंग बदलण्याची क्षमता विकसित होण्यामागे लपण्यापेक्षा आपल्या जातीतील इतरांना ठळक इशारे देण्याची गरज अधिक होती. पुढे 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील पेशींत ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असल्याचे आणि त्या स्फटिकांमधील अंतर बदलल्याने रंग पालटत असल्याचे दाखवून दिले. प्राणी शांत असताना स्फटिक जवळजवळ असतात आणि निळसर प्रकाश परावर्तित होतो. त्वचेतील पिवळ्या रंगद्रव्यातून तो पार होऊन आपल्याला हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की अंतर वाढते आणि पिवळा, नारिंगी, लाल असे रंग उमटतात.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की भडक रंग म्हणजे आनंद नव्हे. छायाचित्रांत झळाळणारा पँथर नर त्या क्षणी बहुधा दुसऱ्या नराला धमकावत असतो किंवा मादीसमोर स्वतःला मिरवत असतो. उलट काळवंडण्याचे अर्थ एकाहून अधिक आहेत, आणि प्रसंग पाहिल्याशिवाय ते ठरवता येत नाहीत. सकाळी दिवा लागल्यानंतर अंग चपटे करून, एक बाजू उजेडाकडे धरून काळसर झालेला शॅमेलिऑन उष्णता शोषून घेत असतो. अंग तापले की त्याचा रंग आपोआप उजळतो. हात पुढे जाताच काळे पडणे मात्र भीतीचे किंवा माघार घेतल्याचे लक्षण आहे. वेल्ड नरांच्या झुंजींच्या निरीक्षणात असे आढळले आहे की ज्याच्या डोक्याचा रंग अधिक उजळ होतो आणि लवकर पालटतो तो बहुधा जिंकतो, आणि हरणारा नर गडद होऊन आपली हार कळवतो. हातावर बसलेला शॅमेलिऑन गडद तपकिरी होत असेल, तर तो शरणागतीचा हाच इशारा आपल्याला देत आहे असे समजावे आणि त्याला परत फांदीवर जाऊ द्यावे.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवतो. रंगाचा कोणताही तक्ता पाठ करण्यापेक्षा आपल्या शॅमेलिऑनचा नेहमीचा रंग ठाऊक असणे अधिक उपयोगी आहे: सकाळचा, दुपारचा आणि झोपेतला. झोपेत बहुतेक शॅमेलिऑन फिके पडतात, आणि मध्यरात्री टॉर्च मारून पाहणाऱ्याला उगाचच तो आजारी वाटतो. रात्री त्याला उठवू नये.

रंगाखेरीज कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

पहिली खूण सर्वांत सौम्य असल्याने ती सर्वाधिक वेळा दुर्लक्षिली जाते. शॅमेलिऑन अंग अरुंद करून फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो आणि एका डोळ्याने आपल्यावर लक्ष ठेवतो. त्याचे डोळे स्वतंत्रपणे फिरत असल्याने मान न वळवताही तो जवळजवळ सगळीकडचे पाहू शकतो. ही त्याची विनवणी आहे, आणि तेथेच थांबणाऱ्याला पुढच्या पायऱ्या सहसा पाहाव्या लागत नाहीत. त्यानंतर तो अंग दोन्ही बाजूंनी चपटे करून स्वतःला मोठे दाखवतो, गळ्याखालची पिशवी ताणतो, पुढेमागे झुलतो, फुसफुसतो, तोंड उघडून आतला रंग दाखवतो आणि शेवटी डोके पुढे फेकून चावण्याचा प्रयत्न करतो. यांपैकी एकही कृती दुष्टपणाची नाही. प्रत्यक्ष इजा टाळण्यासाठी रचलेली ही इशाऱ्यांची साखळी आहे. जो शॅमेलिऑन फुसफुसून सांगतो तो न सांगता चावणाऱ्यापेक्षा हाताळायला अधिक सुरक्षित असतो.

तोंड उघडे ठेवण्याचा अर्थ लावताना मात्र सावध राहावे. दिव्याखाली बसून शांतपणे तोंड उघडलेले असेल तर त्याला उष्णता जास्त होत आहे. तोंडाभोवती चिकट द्रव, श्वासाचा आवाज आणि नाक वर धरून बसणे ही लक्षणे त्याबरोबर दिसत असतील, तर तो श्वसनमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि त्यासाठी पशुवैद्याची गरज आहे.

लहानपणी हातावर सहज येणारा माझा शॅमेलिऑन आता फुसफुसतो. माझे काही चुकले का?

बहुधा नाही. वेल्ड शॅमेलिऑन साधारण चार ते सहा महिन्यांत वयात येतो आणि त्याबरोबर त्याच्या स्वभावात उघड बदल होतो. पिल्लू लहान असताना त्याच्याजवळ लढण्याचे बळ नसते, त्यामुळे ते एक तर पळते किंवा निपचित राहते. हे निपचित राहणे पाळणाऱ्याला मैत्री वाटते. वाढीबरोबर बळ येते, जागेवरचा हक्क येतो, आणि भीती व्यक्त करण्याची पद्धत बदलते. या काळात जबरदस्ती केली तर हात आणि संकट यांची सांगड त्याच्या मनात कायमची बसते. काही आठवडे हाताळणी पूर्ण थांबवावी आणि फक्त अन्नाच्या निमित्ताने संबंध ठेवावा. अनेक नर वयात येण्याचा हा टप्पा ओलांडल्यावर थोडे निवळतात, काही निवळत नाहीत, आणि दोन्ही गोष्टी सामान्य आहेत.

पिलांच्या बाबतीत एक उद्बोधक निरीक्षण आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वेल्ड शॅमेलिऑनची काही पिल्ले जन्मापासून एकेकटी, तर काही गटात वाढवली गेली. एकटी वाढलेली पिल्ले नंतर इतरांसमोर अधिक दबून वागली, अधिक गडद रंगाची झाली आणि भक्ष्य पकडण्यातही मागे पडली. म्हणजे प्रौढपणी एकट्या राहणाऱ्या या प्राण्याच्या स्वभावावरही सुरुवातीच्या दिवसांचा ठसा उमटतो. अर्थात यावरून पाळणाऱ्याने दोन पिल्ले एकत्र ठेवावीत असा निष्कर्ष काढू नये. गटातील दुबळ्या पिलाचे अन्न आणि ऊब दोन्ही बळकट पिल्लू बळकावते.

नव्याने आणलेल्या शॅमेलिऑनला कधी हातात घ्यावे?

किमान दोन आठवडे घेऊ नये. या काळात पाणी, अन्न आणि सफाई यांपलीकडे पिंजऱ्यात हात घालू नये, पाहुण्यांना दाखवण्यासाठी तर मुळीच नाही. तो आपल्यासमोर खाऊ लागला, दिवसा उघडपणे ऊब घेऊ लागला आणि आपण खोलीत आल्यावर लगेच पानाआड गेला नाही, की पहिली पायरी गाठली असे समजावे.

हातावर घेण्याची योग्य पद्धत कोणती?

वेळ सकाळ सरल्यानंतरची निवडावी, जेव्हा त्याचे अंग उबलेले असते पण तो पोटभर खाऊन बसलेला नसतो. कात टाकत असताना, आजारपणात, मादी अंड्यांवर आली असताना आणि संध्याकाळी झोपेच्या तयारीत असताना हा प्रयत्न करू नये. खोलीत कुत्रा, मांजर किंवा पक्षी नसावा, खिडकी बंद असावी आणि पंखा थांबवलेला असावा.

हात हळूहळू आणि नेहमी खालच्या बाजूने पुढे न्यावा. वरून येणारी प्रत्येक वस्तू त्याला झडप घालणारा पक्षी वाटते, आणि ही प्रतिक्रिया सरावाने पूर्णपणे जात नाही. बोटे किंवा तळहात त्याच्या पुढच्या पायांच्या किंचित पुढे, तो बसलेल्या फांदीच्या पातळीवर किंवा थोडे वर, फांदीप्रमाणे स्थिर धरावेत आणि वाट पाहावी. शॅमेलिऑनचा कल वर चढण्याकडे असतो, म्हणून पुढची पायरी थोडी उंच असली तर तो ती घेण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या हातात चिमट्याने धरलेला किडा पलीकडे दाखवता येतो, जेणेकरून अन्नाकडे जाण्याची वाट हातावरून जाईल. तो एक पाऊल ठेवून थांबला तर थांबू द्यावे. मागे गेला तर त्या दिवशीचा प्रयत्न तेथेच संपवावा.

त्याला कधीही ओढून काढू नये. त्याच्या प्रत्येक पायाची बोटे दोन आणि तीन अशा दोन गटांत जुळलेली असतात आणि त्यांनी तो फांदी सांडशीसारखी आवळतो, शिवाय शेपटीचा वेढाही घालतो. अशा पकडीतून खेचल्यास नखे उखडतात, सांधे दुखावतात, आणि कॅल्शियमच्या किंवा यूव्हीबी (अतिनील) प्रकाशाच्या अभावी हाडे ठिसूळ झालेली असतील तर पाय मोडूही शकतो. फांदीसकट बाहेर काढणे शक्य असेल तर ते सर्वांत चांगले. इतर वेळी शेपटीकडून पुढे जात, एकेक पकड सावकाश सोडवावी आणि सुटलेल्या पायाखाली लगेच आपले बोट द्यावे, कारण हवेत लोंबणारा पाय त्याला सर्वाधिक घाबरवतो.

हातावर आल्यावर त्याला धरून ठेवू नये. मूठ आवळली की तो सुटण्यासाठी धडपडतो, मात्र चालायला पुढे हात मिळत राहिला तर शांत राहतो. एकामागून एक हात पुढे करत त्याला चालत राहू द्यावे आणि हे सर्व पलंग, गादी किंवा कुंडीतल्या झाडावर, जमिनीपासून फार उंच नसलेल्या ठिकाणी करावे. घाबरलेला शॅमेलिऑन जाणूनबुजून पकड सोडून खाली पडतो. जंगलात दाट झुडपात तो वाचतो, पण कठीण फरशीवर त्याच्या बरगड्या आणि जबडा दोन्ही धोक्यात येतात.

किती वेळ आणि किती वेळा हाताळावे?

जो प्राणी स्वतःहून हातावर येतो त्याच्यासाठी एका वेळी पाच ते दहा मिनिटे आणि आठवड्यातून एकदा-दोनदा हे प्रमाण पुरेसे आहे. त्यापेक्षा जास्त वेळ गेला तर दिव्यापासून दूर राहून त्याचे अंग थंड पडते आणि पचन मंदावते. जो येत नाही त्याच्यासाठी योग्य उत्तर शून्य आहे. रोज हाताळल्याने तो माणसाळतो ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिने पुष्कळ नुकसान केले आहे. सततच्या ताणाने शॅमेलिऑनची भूक मंदावते, प्रतिकारशक्ती घटते, आणि बाहेरून तो "शांत झाला" असे वाटत असताना तो प्रत्यक्षात खचत असतो.

मग त्याचा विश्वास मिळवायचा कसा?

अन्नाच्या मार्गाने, आणि स्पर्श न करता. पहिल्या टप्प्यात आपण पिंजऱ्यापासून काही अंतरावर रोज ठरावीक वेळी शांत बसावे. दुसऱ्या टप्प्यात दार उघडून चिमट्याने रातकिडा किंवा झुरळ दाखवावे आणि त्याला जीभ फेकण्याइतके अंतर ठेवावे. त्याची जीभ शरीराच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट अंतर गाठू शकते, त्यामुळे तोंडाजवळ किडा नेण्याची गरजच नसते. काही आठवड्यांनी तोच किडा उघड्या तळहातावर ठेवावा. हातावरून किडा उचलणारा शॅमेलिऑन पुढे हातावर पाय ठेवायला तयार होतो, आणि त्या वेळी निर्णय त्याचा असतो. कुंडीतले एखादे बिनविषारी झाड दाराला टेकवून ठेवल्यास तो स्वतः बाहेर येऊन त्यावर चढतो. माझ्या अनुभवात बुजऱ्या शॅमेलिऑनांसाठी हातापेक्षा हे झाडच अधिक उपयोगी पडते, कारण बाहेर येण्याचा आनंद त्याला आपल्या त्वचेचा स्पर्श न होताही मिळतो.

बोलण्याचा फारसा उपयोग होत नाही. शॅमेलिऑनला बाह्यकर्ण नसतो आणि त्याची ऐकण्याची क्षमता साधारण 200 ते 600 हर्ट्झच्या पट्ट्यात मर्यादित आहे. आवाजापेक्षा फांदीतून येणारे कंप आणि डोळ्यांना दिसणारी हालचाल यांना तो महत्त्व देतो. म्हणून पिंजऱ्याला लागून मोठे स्पीकर ठेवू नयेत आणि दार धाडकन लावू नये.

हातावर बसला की तो डोळे मिटतो. त्याला झोप येते इतका तो निश्चिंत आहे का?

दुर्दैवाने याचा अर्थ उलट आहे. निरोगी शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसत नाही. पाण्याचा फवारा पडत असताना किंवा डोळा साफ करताना तो थोडा वेळ मिटतो इतकेच. हातावर डोळे मिटणे म्हणजे सुटकेचा मार्ग नसल्याने त्याने जगाशी संबंध तोडला आहे. हाताळणी तत्काळ थांबवावी. पिंजऱ्यातही तो दिवसा डोळे मिटून बसत असेल तर निर्जलीकरण, डोळ्याचा संसर्ग, जीवनसत्त्व अ ची कमतरता किंवा गंभीर आजार यांची शक्यता असते, आणि पशुवैद्याकडे जाण्यासाठी एवढे लक्षण पुरेसे आहे.

पिंजऱ्याचा स्वभावावर परिणाम होतो का?

हाताळणीपेक्षा किती तरी अधिक होतो. कमरेच्या उंचीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील शॅमेलिऑनला दिवसभर राक्षसी आकृत्या वरून वाकून पाहत असतात. तोच पिंजरा उंच टेबलावर ठेवला आणि त्याची बसण्याची फांदी आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या वर गेली की काही दिवसांत त्याच्या वागण्यात फरक पडतो. प्रौढ वेल्ड किंवा पँथर नरासाठी साधारण 60 सेंटीमीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद आणि 120 सेंटीमीटर उंच जागा लागते, आणि तिच्या मध्यभागी एवढी दाट पाने असावीत की त्याला पाहिजे तेव्हा पूर्ण अदृश्य होता यावे. लपायला जागा दिली तर तो दिसणारच नाही अशी पाळणाऱ्याची शंका असते. प्रत्यक्षात लपण्याची खात्री असलेला प्राणीच उघड्यावर येऊन बसतो.

वेल्ड शॅमेलिऑनसाठी ऊब घेण्याच्या जागी सुमारे 29 ते 32 अंश सेल्सियस, खालच्या भागात त्याहून बरेच कमी आणि रात्री आणखी थंडावा असे तापमान असावे. जॅक्सनला याहून कमी लागते. तापमान चुकले की स्वभावही बिघडतो, कारण थंड पडलेला शॅमेलिऑन पळू शकत नाही हे त्याला जाणवते आणि तो धमकावण्याचा आधार घेतो. जाळीला सतत नखे मारणे, छताला लटकून फिरणे, खाली उतरून कोपरे चाचपणे या हालचालींकडे त्यामुळे हट्ट म्हणून पाहू नये. उष्णता, अपुरी जागा, मादीचा शोध किंवा अंडी घालण्यासाठी जमिनीचा शोध, यांपैकी काही तरी त्यामागे असते.

सोबतीसाठी दुसरा शॅमेलिऑन आणावा का?

आणू नये. नर-नर, मादी-मादी आणि नर-मादी या तिन्ही जोड्या कायम एकत्र ठेवणे अयोग्य आहे. उघड झुंज झाली नाही तरी दबलेला प्राणी कमी खातो, ऊब घ्यायला पुढे येत नाही आणि हळूहळू आजारी पडतो. वेगवेगळे पिंजरेही एकमेकांना दिसणार नाहीत असे ठेवावेत. काचेच्या पिंजऱ्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसत असल्यास तेही प्रतिस्पर्धी ठरते; संध्याकाळी बाहेर अंधार आणि आत उजेड असताना हे विशेष घडते. आरसा दाखवून रंग खुलवण्याचा खेळ अनेक जण हौसेने करतात. तो करू नये अशी कळकळीची विनंती आहे.

माझी मादी एकाएकी कोणालाच जवळ येऊ देत नाही. काय झाले असावे?

ती बहुधा अंड्यांवर आली आहे. वेल्ड मादीच्या अंगावर अशा वेळी गडद हिरव्या पार्श्वभूमीवर निळसर आणि पिवळे ठिपके उमटतात, तर पँथर मादी काळपट होऊन तिच्या अंगावर नारिंगी किंवा गुलाबी खुणा दिसतात. नराला दूर ठेवण्यासाठीचा हा इशारा ती आपल्यालाही देते. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की वेल्ड मादी नराच्या संपर्काशिवायही अंडी घालते, म्हणून "ती एकटीच असते" हे कारण पुरेसे नाही. तिला 25 ते 30 सेंटीमीटर खोल, बोगदा ढासळणार नाही इतपत ओलसर वाळूने भरलेले भांडे द्यावे, पिंजऱ्याची समोरची बाजू झाकावी आणि ती खोदत असताना पाहत उभे राहू नये. पाहणारा कोणी आहे असे वाटल्यास ती खोदणे सोडून देते, आणि अंडी अडकून राहणे जिवावर बेतू शकते. खोदून थकलेली, डोळे मिटून तळाशी बसलेली मादी ही तातडीची वेळ आहे.

जॅक्सन मादी अंडी न घालता जिवंत पिल्लांना जन्म देते, त्यामुळे तिला वाळूची गरज नसते, निवांतपणाची असते.

तो चावला तर काय करावे?

हात झटकू नये. त्याचे दात जबड्याच्या हाडाला जोडलेले असतात आणि झटक्याने जबडा दुखावतो. त्याला फांदीजवळ नेऊन स्थिर राहिल्यास तो बहुधा स्वतःच सोडतो. शॅमेलिऑन विषारी नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, आणि सूज किंवा लाली वाढल्यास डॉक्टरांना दाखवावी. चावल्याबद्दल शिक्षा करणे निरर्थक आहे. चावण्याआधीचा कोणता इशारा आपल्याकडून निसटला हे मात्र आठवून पाहावे.

लहान मुलांनी त्याला हातात घ्यावे का?

इतर सरपटणाऱ्या प्राण्यांप्रमाणे निरोगी शॅमेलिऑनच्या विष्ठेतही माणसाला पोटाचा आजार करणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, 65 वर्षांपुढील व्यक्ती आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण यांनी त्याला किंवा त्याच्या पिंजऱ्याला हात लावू नये. मोठ्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली चिमट्याने खाऊ घालावे. जीभ सुटतानाचे दृश्य पाहण्यात त्यांना हातात घेण्यापेक्षा जास्त मौज वाटते. प्रत्येक वेळी साबणाने हात धुणे सर्वांनाच लागू आहे, आणि पिंजऱ्यातील भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

त्याची इच्छा नसतानाही उचलावेच लागले तर?

पशुवैद्याकडे नेणे, औषध देणे, जखम तपासणे किंवा आग-धुरासारख्या संकटातून बाहेर काढणे, या प्रसंगी त्याच्या संमतीची वाट पाहता येत नाही. तेव्हा काम ठामपणे आणि थोडक्यात उरकावे, कारण अर्धवट प्रयत्न पुन्हा पुन्हा करणे एका निश्चित प्रयत्नापेक्षा अधिक क्लेशकारक असते. खोलीतला उजेड मंद करावा, एक हात छाती आणि पोटाखाली घालून दुसऱ्या हाताने मागचे पाय व शेपटी सावरावी, आणि फासळ्यांवर दाब येऊ देऊ नये. प्रवासासाठी हवेची छिद्रे असलेला, आतून अंधारा खोका घ्यावा, त्यात पकडता येईल अशी एक फांदी तळाजवळ घट्ट बसवावी आणि तळाला ओलसर कापड अंथरावे. पारदर्शक डबा वापरू नये. वाटेत झाकण उघडून तो ठीक आहे ना हे वारंवार पाहू नये. वाहनातील तापमान माणसाला सुखद वाटेल एवढेच ठेवावे आणि उन्हात उभ्या वाहनात त्याला एक क्षणही ठेवू नये. घरी परतल्यावर खोका पिंजऱ्यात उघडा ठेवून त्याला स्वतः बाहेर येऊ द्यावे, पाण्याचा हलका फवारा सुरू करावा, आणि पुढचे तीन-चार दिवस औषधापुरताच हात आत न्यावा. एखादा दिवस तो खाणार नाही. त्यानंतरही भूक परतली नाही तर त्याच पशुवैद्याला कळवावे.